सगुणाताईंचा उजवा खांदा

सगुणाताईंच्या पोलक्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उंच बेतलेला असे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सोळाव्या वर्षी मी ते स्वतः टेपनं मोजून काढलं होतं. त्या पाणी भरायला नळावर गेल्या होत्या आणि पोलकं मागच्या दारी दोरीवर वाळत होतं. दुसऱ्याच्या दोरीवरचे कपडे मोजायची बुद्धी जिला होते ती मुलगी किती सरळ असेल ते तुम्हीच ओळखा. त्या बयेची आणि माझी आता फारशी ओळख राहिलेली नाही, पण तिचे पराक्रम माझ्या नावावर जमा आहेत, म्हणून लिहायला बसले.

निमित्त झालं नातीचं. परवा ती परीक्षेच्या अभ्यासाला बसली होती आणि मान दुखते म्हणून आईकडून मलम चोळून घेत होती. दोन्ही खांदे कानांना टेकलेले. मी म्हटलं, "काय म्हणते आहेस गं मनात?"

"काही नाही, आजी."

"बरं. कितव्यांदा म्हणते आहेस?"

पोरगी दचकून माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं आजीला मनातलं ऐकू येतं. मला आता समोरचं बोललेलंसुद्धा धड ऐकू येत नाही. पण खांदे दिसतात, जबडे दिसतात, मुठी दिसतात. ही विद्या मी ठाण्याला शिकले, आणि शिकता शिकता एका बाईचं वाटोळं करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

गोष्ट कंट्रोलच्या, म्हणजे कापडसुद्धा मापून मिळायचं त्या दिवसांतली. स्वराज्य आलं होतं, पण कापड आलं नव्हतं. मी मॅट्रिकच्या परीक्षेत गणितात आपटले होते. आई म्हणाली, "आकडे जमत नाहीत तर निदान गुंड्या लावायला शीक," आणि मला सगुणाताईंच्या शिवणाच्या वर्गात घातलं. टेंभी नाक्यावरून आत वळलं की एका कौलारू घराची पडवी होती. तिथे एक पायाचं मशीन, एक हाताचं, एक लांब फळी आणि आम्ही पाचसहा मुली. ताई चाळिशीच्या आतबाहेरच्या असतील. अंगानं काडी. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं यावर गल्लीत दोन मतं होती, आणि दोन्ही मतांच्या बायका पोलकी मात्र त्यांच्याकडूनच शिवून घ्यायच्या. कल्याणला एक भाऊ होता. याहून जास्त आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं सगळं मी मनानं भरून काढायची.

त्यांच्या वर्गात एक शब्द बंद होता. कुणी उलटी टीप घातली, बाही उलट्या बाजूनं जोडली, आणि शेजारची मुलगी सहज म्हणाली "असू दे गं," की ताईंची मान झटकन वळायची. "असू दे म्हणायचं नाही इथं. काय ते दुसरं बोला." त्या स्वतः मात्र काहीच बोलायच्या नाहीत. कधी म्हणून रागावल्या नाहीत. बिघडलेलं आमच्या हातातून काढून घेत, मुकाट्यानं उसवत आणि स्वतःशीच म्हणत, "मीच नीट दाखवलं नसेल." असं म्हणताना उजवा खांदा आणखी एक कणभर वर जाई.

पण बघण्यासारखं असायचं ते त्यांचं बेतणं. कापड फळीवर अंथरायच्या, हात धुऊन यायच्या, खडूनं रेघा मारायच्या. इथवर सगळं चारचौघींसारखं. मग कात्री हातात घेऊन त्या नुसत्या उभ्या राहायच्या. डाव्या हाताची मूठ वळायची. जबड्याखालचा गोळा खालीवर व्हायचा. आणि ओठ हलायला लागायचे. आवाज नाही, नुसते ओठ, एकाच चालीवर, पुन्हा पुन्हा तेच. मग श्वास बंद करून त्या कात्री चालवायच्या. कडेपासून कडेपर्यंत. एक सूत इकडेतिकडे नाही. आणि कापड सुटं झालं की कोंडलेला श्वास एकदम सोडायच्या. फू. तो बरोबर कापडावर पडायचा.

आता माझी बाजू ऐका. आमच्या आळीत विंचू उतरवायला एक म्हातारबा यायचे. ते असेच ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे आणि मग अशीच फुंकर मारायचे. हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात भाड्यानं आणलेल्या रहस्यकथा वाचून माझी खात्री झाली होती की जगात प्रत्येकजण काहीतरी लपवतो आणि ते शोधून काढायला परमेश्वरानं मला ठाण्यात जन्माला घातलं आहे. गणिताच्या वहीची पानं कोरीच होती. त्यांवर मी लिहायला लागले. 'मंगळवार. ओठ सात वेळा. फुंकर चार वेळा. जेवताना घास घशात अडकतो, पाणी लागतं. डाव्या तळव्यावर नखांचे चार वण. काहीही न टाचता टाचण्या तोंडात का?'

हे टाचण्यांचं मला फार खटकायचं. शिवणारी बाई ओठांत टाचण्या धरतेच, पण ताई काम नसतानासुद्धा धरायच्या. दारात कोणी आलं, मुलींची नजर आपल्यावर आहे असं वाटलं, की चार टाचण्या उचलून ओठांत. आणि टाचण्या असल्या की ओठ हलत नसत. मी निष्कर्ष काढला की लोखंडानं मंत्र बांधला जातो. वा गं शहाणे.

एवढं ज्ञान एकटीच्या पोटात मावेना. वर्गात माझी एकच मैत्रीण होती, हिरा. कळव्याची. तिच्या घरच्यांची पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी मिठागरं होती. हिराला मी तलावपाळीवर नेलं, गळ्याची शपथ घातली आणि सांगितलं, "ताई कापडावर मंत्र घालतात."

"काय बोलतंस गो मने!" तिचे डोळे हे एवढाले. "आन् तो कापर आंगाव घालाचा?"

"तू कोणाला सांगू नकोस."

"मी कनाला सांगू?" हिरा म्हणाली.

चार दिवसांनी आई भाकरी थापताथापता मला म्हणाली, "अगं, तुमच्या त्या ताई कापडावर काही करणी करतात म्हणे. चरईतल्या एका मुलीचं पोलकं त्यांनी शिवलं, आणि ठरलेलं लग्न मोडलं."

"कोण म्हणतं?"

"सगळी म्हणतात."

आमच्या घरी तेव्हा रेडिओ नव्हता. मी होते. आणि खरं सांगते, मला लाज वाटली नाही. छाती फुगली. चार दिवसांत सगळी!

पुढच्या आठवड्यापासून बायका यायला लागल्या. चिडून नाही, गोड बोलून. "सगुणाताई, ते कापड द्या हो परत, नणंदेला हवंय म्हणे." "एवढ्यात नको शिवायला, बेत लांबला." ताई न बोलता घडी काढून द्यायच्या. वर्गातल्या मुली एकेक गळाल्या. एकीला पडसं झालं, एकीची आजी आजारी पडली. मी मात्र नेमानं जायची. गुन्ह्याच्या जागेवर तपास करणाऱ्यानं हजर राहायलाच हवं, नाही का!

तेवढ्यात हिराचं लग्न ठरलं. वैशाखातली तिथी. तिच्या मामानं कंट्रोलच्या दुकानापुढे दोन दिवस रांगेत उभं राहून हिरव्या साटीनचा सव्वा वाराचा तुकडा मिळवला होता. तसा दुसरा मिळणं शक्य नव्हतं. हिराच्या आईच्या जिवाला घोर पडला. ताईंच्या हाती द्यावं तर भीती, आणि दुसऱ्या कोणाकडे द्यावं तर ठाण्यात असं पोलकं बेतणारा हात नव्हता. मग त्या माउलीनं आपल्या घरची तोड काढली. कापडाच्या एका कोपऱ्यात जाड्या मिठाचे खडे घालून करकचून गाठ मारली. हिरानं मला कानात सांगितलं, "मिठाला मंतर लागत नाय. आय बोल्ली."

हिराची आई स्वतः कापड घेऊन आली. ताईंच्या ओठांवरची नजर काढीना. ताईंनी झटकन टाचण्या तोंडात धरल्या, त्यानं ती आणखीच बिचकली.

"ताय, पोरीचा लगीन हाय. तुज्या हातान ठेवतंय."

ताईंनी घडी उलगडली. कोपऱ्यातली गाठ दिसली. लग्नाच्या कापडाला अक्षता बांधून देतात, तशाच या असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी गाठ कपाळाला लावली, टाचण्या काढून म्हणाल्या, "ही गाठ मी सोडणार नाही हो. लग्नाच्या दिवशी तुम्हीच सोडा."

हिराची आई गप्प. मीठ आहे असं कोणत्या तोंडानं सांगणार? आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, मी टकामका बघत गप्प. मला बघायचं होतं की मिठापुढे मंत्राचं काय होतं. मी प्रयोग बघत होते!

ताईंनी रद्दीच्या कागदावर माप काढलं, कागद कापडावर टाचण्यांनी टाचला, आणि तिथेच थांबल्या. कात्री लावायचा त्यांना धीर होईना. रोज सकाळी ट्रंकेतून घडी काढायच्या, फळीवर अंथरायच्या, बघत राहायच्या, पुन्हा घडी घालून ट्रंकेत ठेवायच्या. वैशाखाचा उकाडा, खाडीवरची दमट हवा. असे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत त्यांची मान उजव्या बाजूनं अशी धरली की हाक मारली तर सगळं अंग वळवून बघायच्या. मी वहीत लिहिलं, 'मिठाचा परिणाम दिसू लागला.'

नवव्या दिवशी दुपारी पडवीत त्या आणि मी दोघीच. त्यांनी ट्रंक उघडली, आज कापायचंच म्हणून कात्री हातात घेतली, घडी उलगडली, आणि गाठ होती त्या बाजूनं साटीनवर तांबूस तपकिरी ठिपक्यांची रांग. एकेका टाचणीखाली एकेक.

त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. आणि इतके दिवस जे नुसतं ओठांवर होतं ते पहिल्यांदा मोठ्यानं बाहेर आलं.

"बिघडवलंस. बिघडवलंस. तुझा हात लागला की बिघडतंच. बिघडवलंस."

त्याच चालीवर. तेवढ्याच अंतरानं. मी ओठ मोजलेले होते, मला ती चाल पाठ होती. हाच तो मंत्र. त्यात कोणाचं लग्न मोडायचं नव्हतं, कोणाचं वाईट नव्हतं. जे होतं ते सगळं स्वतःला.

कात्री त्यांच्या उजव्या हातात तशीच, बोटं सुटेनात. मी एकेक बोट उकलून ती काढली. उन्हाळ्याच्या दुपारी तो हात विहिरीच्या दगडासारखा गार होता. मग मी काय केलं असेल? शूर मुलीनं जे करावं तेच. घरी पळाले.

दोन दिवस मी अंथरुणातून उठले नाही. आई मुसळानं मिरच्या कुटत होती, आणि त्या ठोक्याबरोबर माझ्या डोक्यात सुरू, तूच केलंस, तूच केलंस, तूच केलंस. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. दात इतके आवळलेले की कानशिलं ठणकायची. आईनं जीभ बघितली आणि एरंडेल पाजलं. काय सांगू, मन सोडून सगळं साफ झालं.

तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, "तुमच्या ताई मशीन विकतायत म्हणे. कल्याणला भावाकडे चालल्या, कायमच्या. हिराच्या आईला निरोप धाडलाय, कापड बिघडलं, माझ्या हातून झालं, म्हणून. ती सगळ्यांना सांगतेय, बघा, मी म्हणत नव्हते का!"

मी तशीच उठले. वाटेत दोनदा परत फिरले, तेही लिहून ठेवते.

ताई पडवीत रद्दीचे कागद बांधत होत्या. मी ट्रंकेतून घडी काढली, त्यांच्यापुढे धरली आणि दातांनी गाठ सोडली. मिठाचं ओलं ढेकूळ फळीवर पडलं.

"ताई, अक्षता नाहीत, मीठ आहे. मिठाला पाणी सुटलं, त्यानं टाचण्या गंजल्या. तुमच्या हातानं काही झालेलं नाही."

त्या मिठाकडे बघत राहिल्या. "मीठ कशाला बांधतील?"

मग मी सगळं सांगितलं. ओठ, फुंकर, विंचू उतरवणारे म्हातारबा, तलावपाळी, चरईतली मुलगी. दोरीवरचं पोलकं मोजलं तेसुद्धा सांगितलं, त्याची काही गरज नव्हती. बोलून झालं आणि मी मान खाली घालून उभी राहिले. आता कानाखाली बसेल, मग बसेल. काहीच झालं नाही. वर बघितलं तर त्या कोपऱ्यातल्या कोणत्यातरी जुन्या गोष्टीकडे बघितल्यासारख्या बघत होत्या.

"मी नऊ वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "वडिलांनी कोटासाठी कापड आणलं होतं. कचेरीत साहेबापुढे जायचं होतं, बढतीसाठी. मी बाहुलीचा परकर बेतला त्यातून. कडेनं नाही गं, बरोबर मधून."

"मग?"

"वडील म्हणाले, असू दे."

"नि मग?"

"मग काही नाही. जुना विरलेला कोट घालून गेले. बढती मिळाली नाही. घरात कोणी मला एका शब्दानं बोललं नाही. आई नाही, भाऊ नाही. मी वाट बघत होते. आज बोलतील, उद्या बोलतील. कोणीच बोललं नाही, तेव्हा ते काम माझ्याकडेच आलं. मी अजून बोलतेय."

मी सोळा वर्षांची, अगोचर. मला वाटलं, एवढंच ना? कमरेवर हात ठेवले, आवाज जाड केला आणि म्हटलं, "सगुणे! कोटाचं कापड होतं ते! अक्कल कुठे ठेवली होतीस?"

त्या म्हणाल्या, "नाही गं. तुझ्यानं नाही व्हायचं. त्यांचा आवाज भरदार होता." आणि हसल्या. ताईंचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत हे मला त्या दिवशी कळलं. तपासात राहून गेलं होतं.

हसून झाल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं. माझे आवळलेले दात, माझी मूठ. आणि त्यांचा चेहरा बदलला.

"उभी राहा सरळ," त्या म्हणाल्या. "मला कोणी बोललं नाही. तुला मी बोलणार आहे."

आणि मग ज्या बाईनं कधी कोणाला ब्र काढला नव्हता तिनं तोंड सोडलं.

"कार्टे! देवानं तोंड दिलंय ना तुला? गावभर वाजवता येतं, मग मला विचारताना काय त्याला गुंड्या लावल्या होत्यास? ताई, तुम्ही काय पुटपुटता, एवढं विचारायला काय जड जात होतं? मीठ ठाऊक होतं आणि आठ दिवस मजा बघत बसलीस? त्या हिराच्या कापडाची दया नाही आली? मामा उन्हात दोन दिवस उभा राहिला त्याची नाही आली? वह्या लिहिते! बाही लावता येत नाही सरळ, वह्या लिहिते! दळभद्री, भोचक, लांब नाकाची मेली!"

समोरचा पानवाला बाहेर येऊन उभा राहिला. शेजारच्या गच्चीवरून दोन डोकी निघाली. त्या थांबल्या नाहीत. माझ्या नाकापासून माझ्या धावदोऱ्यापर्यंत काही सुटलं नाही. मी हमसून हमसून रडत होते. मग त्यांनी दम घेतला, पदरानं तोंड पुसलं.

"झालं. संपलं. घरी जाऊन हे स्वतःला परत ऐकवायचं नाही. बोलायचं तेवढं मी बोललेय, तुझ्या वाटचं काही ठेवलेलं नाही. कळलं?"

"हो."

"काही खाल्लंयस का?"

त्या दुपारी मी त्यांच्या डब्यातले तीन लाडू खाल्ले. तिन्ही सरळ खाली उतरले.

मग साटीन अंथरलं. डागांना लिंबू चोळलं तर डाग जाईल पण रंगही जाईल, म्हणून ताईंनी सगळा बेतच फिरवला. बाही आखूड केली, मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या घेराचा, तुकडा डागांच्या बाजूनं काढला. काही डाग कापून निघाले, काही शिवणीत दडले. एक मात्र कुठेच जाईना. तो उजव्या काखेखाली आला. रेघा मारून झाल्या. कात्री हातात घेतली, आणि लागले ओठ हलायला.

"ताई," मी म्हटलं, "परत सुरू झालं."

"कळतंय मला. बंद होत नाही." त्या कासावीस झाल्या. "तू बोल काहीतरी. मोठ्यानं."

"काय बोलू?"

"तुला विषय लागतो होय कधीपासून?"

ऐन वेळी मला काही सुचेना. घाबरून मी सातचा पाढा म्हणायला लागले. "सात एके सात, सात दुणे चौदा…" सात सक बेचाळीसपर्यंत धकलं. "सात साती सत्तेचाळीस."

"एकोणपन्नास!" ताई म्हणाल्या, आणि कात्री चालायला लागली.

"सात आठे चोपन्न."

"छप्पन्न गं, छप्पन्न! मॅट्रिकला बसली होतीस ना?"

चुकीचं ऐकलं की त्यांना राहवत नसे. तोंड माझे पाढे सुधारण्यात गुंतलं, ओठांना दुसरं काही म्हणायला सवड राहिली नाही. नऊच्या पाढ्यात मी इतके गोंधळ घातले की गळा आणि पाठ कधी कापून झाली ते दोघींनाही कळलं नाही. शेवटी फुंकरसुद्धा आली नाही. श्वास कोंडलेलाच नव्हता.

लग्नात हिराला मी शंभर वेळा बजावलं होतं की उजवा हात वर करायचा नाही. नवरा ताडमाड. हार घालायची वेळ आली, तर हिरानं कोपर अंगाशी घट्ट धरून नुसत्या मनगटानं हार वर केला आणि वाट बघत उभी राहिली. शेवटी तोच बिचारा वाकला. बायका म्हणाल्या, "काय मर्यादशील पोर!" हिराच्या आईनं पोलक्याकडे बघितलं, ताईंकडे बघितलं. डाग तिनंच बांधलेल्या मिठामुळे पडले हे मी तिला सांगितलं होतं. तरी ती माझ्या कानाशी लागून म्हणालीच, "मीठ व्हता म्हणून येवऱ्यावर निभावला."

ताई कल्याणला गेल्या नाहीत. निदान तेव्हा नाही. कापडं हळूहळू परत यायला लागली, कारण शेवटी हात तो हात. त्या बऱ्या झाल्या वगैरे मी म्हणणार नाही. माझा कोणाच्या बरं होण्यावर इतक्या लवकर विश्वास बसत नाही. कोणी मोठं गिऱ्हाईक आलं की मूठ वळायची, महागाचं कापड असलं की टाचण्या तोंडात जायच्या. पण बेतायला घेतलं की आतून हाक यायची, "मने, चल, तेराचा." वर्षभर मी त्यांच्या कात्रीपुढे पाढे म्हटले. पहिल्यांदा चुकीचे, मग मुद्दाम चुकीचे, मग चुकता येईना. पुढच्या मार्चात मी गणितात पास झाले. आई अजून त्याचं श्रेय एरंडेलाला देत असेल, वर जिथे असेल तिथे.

मग माझं लग्न झालं, मी डोंबिवलीला आले. माझ्या लग्नाचं पोलकं ताईंनीच बेतलं. त्या दिवशीही पाढे मीच म्हटले. पुढे भावजय आजारी पडली म्हणून त्या खरोखरीच कल्याणला राहायला गेल्या, आणि चारपाच वर्षं गाठ नाही.

मसाल्याच्या मिरच्या घ्यायला एकदा कल्याणच्या बाजारात गेले होते. थोरला कडेवर. पुढे एक काडीसारखी बाई चालली होती, हातात पिशवी. पाठ ओळखीची वाटली, पण काहीतरी चुकत होतं. मी मागून चालत राहिले. जुनी खोड, आधी तपास, मग हाक. आणि मग दिसलं. पोलक्याच्या उजव्या खांद्यावर एक चुणी पडली होती. चांगली ठसठशीत. ताईंच्या अंगावर, चुणी!

"ताई!"

त्या वळल्या. नुसती मान वळवून. "सात आठे?"

"छप्पन्न." मी पाया पडले. पोराचे गाल ओढून झाले, घरची चौकशी झाली. पण माझे डोळे काही खांद्यावरून हटेनात.

"ताई, उजव्या खांद्याला चुणी आहे."

"माहीत आहे."

"माप चुकलं?"

"माझं?" त्या म्हणाल्या. "माप जुनंच आहे. खांदा खाली आलाय."

"मग अर्धा इंच काढून टाका की."

त्यांनी पिशवी जरा वर घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "नि परत वर गेला तर? कापलेलं कापड काय परत येतं? अजून एक वर्ष बघते."

एवढं बोलून त्या निघाल्या. मी मिरच्यांच्या ढिगापाशी उभी राहून बघत होते. मागून हातगाडीवाला ओरडला, "ओ बाई, बाजूला!" त्या दचकून कडेला झाल्या. खांदा टुणकन वर गेला आणि चुणी नाहीशी झाली. पोलकं कसं अंगाबरोबर, जुन्यासारखं. माझे दात आवळले गेले. गाडी पुढे गेली. ताई पाच पावलं चालल्या, दहा चालल्या. कोपऱ्यावर त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वळता वळता उजव्या खांद्यावर ती चुणी पुन्हा येऊन बसली.